जुनी फोर बाय फोर घ्यायचीय? आधी कागद, मग चॅसी, इंजिन सगळ्यात शेवटी

अशी रील तुम्हीही पाहिली असणार. गोठ्यात धूळ खात पडलेली जीप, मग पंधरा सेकंद ग्राइंडर आणि वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि शेवटी मोठ्या टायरची चकाचक गाडी चिखल उडवत डोंगर चढतेय. खाली कमेंट असतात, ‘भावा, खर्च किती आला?’ त्याचं उत्तर सहसा मिळत नाही. आणि खरा प्रश्न, ‘भावा, आरसी कोणाच्या नावावर आहे?’ हा तर कोणी विचारतच नाही.

आमचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. पावसाळ्यात शेवटचा दोन किलोमीटर रस्ता म्हणजे दगड, चिखल आणि मधे एक ओढा. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. जीपचं वेड शाळेपासूनचं, आणि गावाच्या रस्त्यामुळे त्याला एक चांगलं कारणही मिळालं. दोन वर्षांपूर्वी महाडमध्ये एक लाल जीप बघितली. रंग नवा, सीट नव्या, इंजिन पहिल्या सेल्फला चालू. मालक म्हणाला, ‘संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय.’ वीस हजारांचं टोकन पाठवायला मी फोनवर पिनसुद्धा टाकायला घेतला होता.

सोबत महाडचे एक जुने मेस्त्री होते. ते गाडीखाली गेले, दोन मिनिटांत बाहेर आले आणि मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, ‘इंजिन काय, कधीही बांधून देईन. चॅसी कुठून आणशील?’

पुढच्या पाटेच्या मागे चॅसीच्या दांड्यावर नवीन वेल्डिंगची रेघ होती, वरून काळा कोट मारून झाकलेली. चॅसी नंबरचे आकडे एका ओळीत नव्हते, दोन आकडे बाकीच्यांपेक्षा खोल होते. असं असण्याचं कारण साधं अपघाताचं असू शकतं, किंवा एका गाडीचा नंबर कापून दुसऱ्या गाडीला जोडलेला असू शकतो. दुसरा प्रकार असेल तर गाडी चोरीची ठरू शकते आणि पोलीस ती जप्त करू शकतात. मग पैसेही गेले आणि गाडीही. आम्ही टोकन न देता निघालो.

त्या दिवसापासून माझा क्रम उलटा झाला. आधी कागद, मग चॅसी, मग फोर बाय फोरची यंत्रणा, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. हा क्रम का, ते या लेखात सांगतो. बरीचशी तपासणी तुमच्या हातातल्या फोननेच होते.

कोणत्या गाड्या मिळतात?

महाराष्ट्रात जुनी फोर बाय फोर म्हटलं की साधारण तीन घराणी समोर येतात.

पहिलं महिंद्राच्या जीपचं. १९४० च्या दशकाच्या शेवटी महिंद्राने अमेरिकेच्या विलीज जीप इथे जुळवायला सुरुवात केली, आणि पुढची अनेक दशकं त्याच मूळ आराखड्यावर गाड्या निघत राहिल्या. त्यातली एमएम ५४० आजही सगळ्यात जास्त शोधली जाते. तिच्यात प्यूजो घराण्याचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन असतं. ‘डीआय’ म्हणून ओळखलं जाणारं महिंद्राचं इंजिन २,५२३ सीसीचं. दोन्हींचे सुटे भाग अजून मिळतात आणि तालुक्याच्या गावातला मेस्त्रीही ती खोलून परत बसवू शकतो.

दुसरी मारुती जिप्सी. १९८५ मध्ये ९७० सीसीच्या पेट्रोल इंजिनसह आली, १९९६ मध्ये १,२९८ सीसीची झाली, २०१९ मध्ये बंद झाली. वजनाला हलकी, त्यामुळे चिखलात छान चालते. पण पत्रा लवकर गंजतो.

तिसरी २०१० ची थार, म्हणजे नवीन थार येण्याआधीची. तिच्या सीआरडीई इंजिनमध्ये इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट असतं, त्यामुळे ती जुन्या जीपपेक्षा आजच्या कारच्या जास्त जवळची आहे. ओबीडी स्कॅनर फोनला जोडून तुम्ही तिचे फॉल्ट कोड वाचू शकता. एमएम ५४० ला असा पोर्टच नाही. तिथे तुमचे डोळे, कान आणि नाक हाच स्कॅनर.

ही खरंच फोर बाय फोर आहे का?

हा प्रश्न बावळट वाटेल, पण महाड-पोलादपूर पट्ट्यात तो आधी विचारायला हवा. डोंगरातल्या वाड्यांवर वडापला चालणाऱ्या बहुतेक जीप दिसायला तशाच, पण फक्त मागच्या दोन चाकांना ताकद देणाऱ्या. ‘फोर बाय फोर’चं स्टिकर शंभर रुपयांत मिळतं.

गाडीखाली वाका. पुढच्या अॅक्सलच्या मधोमध किंवा एका बाजूला गोल फुगवटा दिसला पाहिजे, तो पुढचा डिफरेन्शियल. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस हवा आणि त्याच्यापासून पुढच्या अॅक्सलपर्यंत जाणारा दुसरा प्रोपेलर शाफ्ट हवा. आत गिअर लिव्हरशेजारी आणखी एक किंवा दोन छोटे लिव्हर असतात. यातलं एक जरी नसेल तर ती फोर बाय फोर नाही, किंवा आता राहिलेली नाही. दुरुस्तीचा खर्च नको म्हणून पुढचा शाफ्ट काढून ठेवलेल्या गाड्या बऱ्याच दिसतात.

ट्रान्सफर केसचं काम दोन प्रकारचं. इंजिनची ताकद पुढच्या अॅक्सललाही देणं, हे एक. दुसरं म्हणजे ‘लो’मध्ये टाकल्यावर वेग कमी करून ओढ साधारण अडीच पट वाढवणं. दगडांतून गाडी सावकाश चढते ती या ‘लो’मुळे.

मात्र या जुन्या गाड्यांत पुढचा आणि मागचा अॅक्सल फोर बाय फोर लावल्यावर एकमेकांना घट्ट जोडले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात किंवा खडीवर टायर थोडं घसरून हा फरक भरून काढतं. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, मग सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. म्हणून घाटातल्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून फिरणाऱ्या माणसाची जीप विकत घेताना दोनदा विचार करा.

हाच गुण तपासणीला उपयोगी पडतो. खडीच्या किंवा मातीच्या मोकळ्या जागेवर फोर बाय फोर लावा, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि चालण्याच्या वेगाने गोल फिरा. गाडी अडखळत, ओढल्यासारखी चालली तर यंत्रणा काम करतेय. लोण्यासारखी फिरली तर पुढे ताकद पोचतच नाहीये.

दुसरी चाचणी जॅकवरची. जमीन सपाट हवी, इंजिन बंद, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. फोर बाय फोर लावा, पहिला गिअर टाका, पुढच्या चाकांना लॉकिंग हब असतील तर तेही लॉक करा. आता पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवून बघा. थोडा खेळ असेल, पण चाक मोकळं फिरता कामा नये. मोकळं फिरलं तर साखळी कुठेतरी तुटलेली आहे. जॅकवर असलेल्या गाडीखाली मात्र डोकं घालायचं नाही, कितीही घाई असली तरी.

कागद: फोन काढा

मालकाने आरसीचा फोटो पाठवला की लगेच एमपरिवहन अॅपमध्ये नंबर टाका. नोंदणीची तारीख, नोंदणी कधीपर्यंत वैध आहे, वाहनाचा वर्ग, इंधन, विमा आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, एवढं तिथे दिसतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, पण समोरच्या माणसाच्या आधारशी ते जुळतंय का एवढं कळतं. ई-चलानची थकबाकीही वेगळी तपासा.

इथे चार गोष्टींवर लोक फसतात.

पहिली, नोंदणीची मुदत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या चारचाकीसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरच्या हलक्या मोटारींसाठी १०,०००. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. मुदत संपून अनेक वर्षं झालेली असतील तर उशिराचा दंड महिन्यागणिक वाढलेला असतो. ‘फक्त पासिंग बाकी आहे’ या वाक्याची किंमत आरटीओत विचारूनच ठरवा.

दुसरी, गाडी ऑनलाइन दिसतच नाही. खूप जुन्या, विशेषतः सध्याची नंबर पद्धत येण्याआधीच्या तीन अक्षरी नंबरच्या गाड्यांची नोंद संगणकावर चढलेली नसते. याचा अर्थ गाडी चोरीची असा नाही. पण ज्या आरटीओत ती नोंदलेली आहे तिथल्या जुन्या रजिस्टरवरून ‘बॅकलॉग’ नोंद करून घ्यावी लागते. हे काम विकणाऱ्याने करून द्यावं. आपल्याकडे एमएच ०६ म्हणजे पेण. गाडी दुसऱ्या जिल्ह्याची असेल तर तिथे हेलपाटे कोण घालणार ते आधीच ठरवा.

तिसरी, दिल्लीची स्वस्त गाडी. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून तिकडच्या जाहिराती स्वस्त दिसतात. हा नियम महाराष्ट्राचा नाही, तिकडची गाडी इथे नोंदवता येते. पण ना हरकत प्रमाणपत्र, इथला कर आणि नवीन नंबर हे सगळं धरून हिशेब करा.

चौथी, ‘आर्मी डिस्पोजल’. लष्कराने लिलावात काढलेल्या जीप खरंच असतात. त्यांची नोंदणी करताना लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेलं विक्री प्रमाणपत्र लागतं, नमुना २१. ते नसेल तर ती गाडी कायम अंगणातच उभी राहील. आणि ‘मी फौजी आहे, बदली झालीय, गाडी कॅम्पमध्ये आहे, आधी पैसे पाठवा’ असा मेसेज आला तर उत्तरसुद्धा देऊ नका.

व्यवहाराच्या दिवशी नमुना २९ आणि ३० वर सह्या, बोजा असेल तर बँकेकडून नमुना ३५. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावायचं असतं. ‘सह्या करून दिल्यात, नाव नंतर लाव’ हे दोघांनाही महागात पडतं.

चॅसी: इथे घाई नाही

आरसीवर जो चॅसी नंबर आहे तो गाडीवर कुठे कोरलाय ते दाखवायला सांगा. नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप उमटते. आरटीओत यालाच चॅसी प्रिंट म्हणतात. मग टॉर्च बाजूने, तिरका मारून फोटो काढा. समोरून फ्लॅश मारलात तर खोली कळत नाही. तिरक्या उजेडात प्रत्येक आकड्याची सावली पडते, आणि एखादा आकडा घासून पुन्हा कोरला असेल तर आजूबाजूचं लोखंड वेगळं दिसतं.

नंतर गंज. कोकणातला पाऊस आणि दमट हवा लोखंडाला सुट्टी देत नाही. मागच्या पाट्यांचे शॅकल जिथे बसतात ती जागा, बॉडी जिथे बोल्टने चॅसीला धरते त्या जागा, आणि पुढच्या बंपरमागचा भाग बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. धड लोखंड ‘ठण’ वाजतं, कुजलेलं ‘भद्द’. नवाकोरा काळा अंडरकोट दिसला तर खूश होऊ नका, मालकाला विचारा की विकायच्या आठवड्यातच तो का मारला.

जिथे चॅसी चौकोनी नळीसारखी पोकळ आहे तिथे गंज आतून चालतो, बाहेरून दिसत नाही. त्यासाठी फोनला टाइप-सीने जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा वापरा. चॅसीला असलेल्या भोकांतून तो आत सरकवायचा. आत पातळ तपकिरी थर असेल तर चालतं. पापुद्रे सुटलेले असतील तर किंमत कमी करून घेऊ नका, सरळ निघा.

पत्र्यासाठी फ्रिजवरचा छोटा चुंबक रुमालात गुंडाळून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे. हे पत्र्याचं काम आहे, दुरुस्त होतं. पत्रा बदलता येतो, नवी बॉडीसुद्धा मिळते. चॅसीचं तसं नाही. गाडीची कायदेशीर ओळख तिच्यावर कोरलेली असते.

पुरात बुडालेली गाडी

महाडमध्ये जुनी गाडी घेताना हा प्रश्न टाळता येत नाही. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा हजारो घरांबरोबर गाड्याही बुडाल्या. त्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत.

बुडालेली गाडी ओळखायची कशी? जीपच्या खाली चिखल असणारच, त्यावरून काही ठरत नाही. वर बघा. डॅशबोर्डच्या मागे, फ्यूज बॉक्समध्ये, हेडलाइटच्या आत, सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर त्याच्या शेवटच्या वीतभर भागात. तिथे पिठासारखा बारीक गाळ असेल तर गाडी पाण्यात उभी होती. वायरिंगच्या जोडण्या हिरवट झालेल्या दिसतील.

मग गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफरेन्शियलचं ऑइल थोडं काढून बघा. दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी आहे. याला पूरच लागतो असं नाही. चालून तापलेला अॅक्सल थंड ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते आणि कुजलेल्या सीलमधून किंवा हवेच्या नळीतून पाणी आत ओढलं जातं. मालकाने ओढे पार केले, पण नंतर ऑइल बदललं नाही, असं ते ऑइल सांगतं.

पुरातली प्रत्येक गाडी टाकाऊ नसते. जुन्या जीपमध्ये इलेक्ट्रॉनिक्स जवळपास नाहीच. वायरिंग, बेअरिंग, स्टार्टर, ऑल्टरनेटर आणि सगळी ऑइल्स बदलली तर ती नीट चालू शकते, फक्त किंमत त्या हिशेबाने हवी. सीआरडीई थार बुडालेली असेल तर मात्र मी हात लावणार नाही. कंट्रोल युनिट आणि सेन्सरच्या जोडण्यांतला गंज वर्षभरानेही त्रास देतो.

इंजिन आणि घाट

बघायला जाण्याआधी मालकाला सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर थंडी काढून ठेवलीय. प्यूजोच्या जुन्या डिझेलला सकाळी हीटर प्लग लागतो, त्यामुळे काही सेकंद थांबून सुरू होणं हा दोष नाही. दहा वेळा सेल्फ मारावा लागणं, हा दोष.

धुराचा व्हिडिओ काढा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, कधी नुसता एअर फिल्टरही असतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर मेस्त्रीला दाखवा. चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून जोरात धूर फुसफुसत असेल तर पिस्टन रिंगा गेल्यात.

मग घाट. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर साधारण ४० किलोमीटर, आणि चढ बाराशे मीटरहून जास्त. एवढी चांगली चाचणी कुठलंही गॅरेज घेऊ शकत नाही. चढताना तापमानाचा काटा बघा. काटा हलतच नसेल तर मीटर बंद आहे, त्याला ‘इंजिन थंड आहे’ समजू नका. उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडा. लिव्हर स्वतःहून न्यूट्रलला उडाला तर गिअरबॉक्स खोलावा लागणार. ब्रेक एका बाजूला ओढतात का, खड्ड्यानंतर स्टिअरिंग थरथरत राहतं का, तेही बघा. दुसरं बहुतेक वेळा किंगपिनचं दुखणं असतं.

किलोमीटरचा आकडा विसरा. तो एकतर बंद असतो किंवा दुसऱ्या गाडीचा.

रिस्टोअर आणि मॉडिफाय, यातला फरक

रिस्टोअर म्हणजे गाडी मूळ होती तशी करणं. मॉडिफाय म्हणजे ती मूळ नव्हती तशी करणं. पहिल्याला कायद्याची फारशी हरकत नाही. दुसऱ्याला आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येणार नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

व्यवहारात याचा अर्थ असा. रंग बदलायचा असेल तर आरटीओला कळवून आरसीवर नोंद करा. इंजिनचा नंबर आरसीवर असतो, म्हणून इंजिन बदलायच्या आधी परवानगी घ्या. दोन चाकांच्या जीपला फोर बाय फोरचा संच लावणं, चॅसी कापून लांब-आखूड करणं, बाहेर येणारी मोठी चाकं, समोरच्याचे डोळे दिपवणारी एलईडी पट्टी, हे सगळं अडचणीचं. पुढचे लोखंडी बुलबार लावू नयेत असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. आणि विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर दावा अडवतो. रीलमध्ये दिसलं म्हणून रस्त्यावर चालतं असं नाही.

गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते. पण ती रोज वापरता येत नाही, प्रदर्शन किंवा रॅलीसारख्या कामापुरती. गावच्या रस्त्यासाठी तिचा उपयोग नाही.

माझा हिशेब

लाल जीप सोडल्यावर सात महिन्यांनी १९९६ ची एमएम ५४० मिळाली. रंग उडालेला, सीट फाटलेल्या, इंजिन धूर काढणारं. पण एकाच घरात तीस वर्षं राहिलेली, चॅसी प्रिंट आरसीशी तंतोतंत जुळलेली, आणि पोकळीत पापुद्रे नव्हते. घेतली २,४०,००० ला. त्यावर झालेला खर्च:

- इंजिन हेड आणि इंजेक्टर: २७,०००
- पत्रा आणि रंग (मूळचाच): ३८,०००
- पाच टायर, मूळ मापाचे: ३१,०००
- किंगपिन, बेअरिंग, स्टिअरिंग: १६,०००
- ब्रेक: १४,०००
- वायरिंग: १२,०००
- क्लच: ११,०००
- नाव लावणं, नूतनीकरण, कर, विमा: २५,०००

म्हणजे वरचा खर्च १,७४,०००. मी धरला होता ६०,०००. दोन महिने लागतील असं वाटलं होतं, लागले अकरा. एकूण ४,१४,००० रुपये झाले, आणि बाबांच्या मते एवढ्यात चांगली सेकंडहँड कार आली असती, एसीसकट. ते बरोबर आहेत. या गाडीला एअरबॅग नाही, एबीएस नाही, पावसात दोन्ही बाजूंनी पाणी आत येतं. घरात एकच गाडी ठेवायची असेल तर ही घेऊ नका.

आणि फोर बाय फोर आहे म्हणून पाण्यात घालू नका. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्याच्याबरोबर दोन एसटी बस गेल्या. त्यापुढे आपली जीप किती वजनाची? वाहत्या पाण्यात जमीन दिसत नसेल तर ती आहे असं धरायचं नाही. शिवाय एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतात.

गेल्या जुलैत आमचा ओढा रस्त्यावरून वाहत होता. मी ‘लो’ लावून तयार होतो. काकांनी चावी काढून खिशात टाकली आणि म्हणाले, ‘उतर, चहा पिऊ.’ दीड तासाने पाणी ओसरलं, मग आम्ही गेलो. त्या दीड तासात कळलं की ओढ्याच्या बरोबर मधोमध एक मोठा दगड वाहून आला होता.

टोकन पाठवण्याआधी

हा भाग स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. एमपरिवहनवर नोंदणी वैध आहे आणि बोजा नाही.
२. विकणारा माणूस आरसीवरचाच आहे, किंवा त्याच्याकडे त्याचं अधिकारपत्र आहे.
३. चॅसी प्रिंट तुम्ही स्वतः काढली आणि ती जुळली.
४. चॅसीवर जोड नाही, आतून पापुद्रे नाहीत.
५. जॅकवरची फोर बाय फोर चाचणी झाली.
६. ऑइल दुधाळ नाही.
७. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू झालं.
८. दुरुस्तीचा तुमचा अंदाज दुप्पट करूनही पैसे पुरतात.

पहिल्या चारपैकी एकही ‘नाही’ आलं तर गाडी सोडा. पुढच्या चारांत ‘नाही’ आलं तर भाव करा. आणि संध्याकाळी दुसरी पार्टी येत असेल, तर तिला खुशाल येऊ द्या.